जोडीचा दोरा

एटापल्ली, ता. ११ फेब्रुवारी १९५७

अन्नपूर्णाबाईंना गुणवंताचा नमस्कार.

आजवर ‘इकडील सर्व ठीक’ या तीन शब्दांत माझं पत्र संपायचं. आज जरा लांबणार आहे, तेव्हा चष्मा शोधून घ्या.

रंभा गेली तेव्हा श्रावण सात महिन्यांचा होता. तुम्ही त्याला पदरात गुंडाळून इथून चांद्याला नेलंत आणि बैलगाडीत चढता चढता म्हणालात, “चालू-बोलू लागला का घेऊन जाजा, भाऊजी.” सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा इतकं कोणी करत नाही, आणि तेही एकटीने, शाळेची नोकरी सांभाळून. आता तो अडीच वर्षांचा झाला. पोंभुर्ण्याहून माझी आई कायमची इथे राहायला आली आहे. घर शाकारून घेतलं, ओटा बांधला, मच्छरांची औषधं फवारणारे सरकारी लोक दोनदा येऊन गेले. तेव्हा अक्षय तृतीयेच्या सुमारास रजा काढून मी येतो आणि श्रावणला घेऊन जातो. मृग लागला की आष्टीच्या घाटावरचा, नदीपार नेणारा डोंगा बंद होतो, मग दिवाळीपर्यंत इथल्या माणसाला हलता येत नाही. म्हणून त्याच्या आत.

आता काम सांगतो. इथे रेंजरसाहेबांच्या नातवाकडे तीन चाकांची सायकल आली आहे. पोरगा तिच्यावर बसून सगळ्या लाकूड डेपोत हिंडतो. तशी एक श्रावणसाठी घ्यायची आहे. तुमच्या शाळेसमोर, जटपुरा गेटजवळ, सायकलचं दुकान आहे ना? त्याच्या पायाला नीट बसेल अशी तुम्ही निवडा. निवडून झाली की मला कळवा, म्हणजे मी लगेच रजेचा अर्ज टाकतो. सायकल मीच त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवीन.

आपला,
गुणवंत

*

चांदा, ता. २० फेब्रुवारी १९५७

गुणवंतराव यांस,

चष्मा लावला, पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

तुम्ही मुलाचे वडील, तुम्हाला नाही म्हणणारी मी कोण? पण एक सांगते, ज्या तापाने माझी धाकटी बहीण तीन दिवसांत नेली, तो ताप फवारणीवाल्यांना विचारून येत नाही. ओटा उंच केल्याने मच्छर लाजत नाहीत. एवढं बोलून गप्प बसते, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरीणबाईंनी छडी काढली.

सायकल पाहिली. नूरुद्दीनच्या दुकानात सध्या एक लाल आहे. तिच्या मुठी अशा टोकदार की पोरगं पडलं तर थेट डोळ्यात जातील. बैठकही उंच. मी नको म्हटलं. दुसरी नागपूरहून यायची आहे म्हणतो. थांबावं लागेल. घाईची खरेदी आणि घाईची सोयरीक, दोन्ही जन्मभर खुपतात.

श्रावण मजेत आहे. परवा शाळेत येऊन बसला आणि माझ्या मुलींबरोबर बेंबीच्या देठापासून पाढे ओरडला. दोन पंचे तीन म्हणतो.

अन्नपूर्णा

*

एटापल्ली, ता. १ मार्च १९५७

अन्नपूर्णाबाई,

पाढ्याचं आईला वाचून दाखवलं. ती दिवसभर चुलीपुढे “दोन पंचे तीन” म्हणत होती.

लाल नको तर नको. नागपूरहून आलेली घ्या. मला वस्तूचा शौक नाही, पोराचे पाय टेकले म्हणजे झालं. तापाचं म्हणाल तर तुमची भीती खोटी नाही. माझीही तीच आहे. पण म्हणून मुलगा बापाशिवाय किती दिवस वाढवायचा?

होळीच्या आत कळवा.

गुणवंत

*

चांदा, ता. १५ मार्च १९५७

गुणवंतराव यांस,

नागपूरची आली. निळी आहे, दिसायला ऐटबाज. पण पायडलं फार पुढे. रंग ओला वाटतो, आणि श्रावणला दिसेल ते चाटायची सवय. घंटी अशी कर्कश की शेजारची म्हातारी दचकून जागच्या जागी बसेल. मी नूरुद्दीनला परत न्यायला सांगितलं. तो म्हणतो आता पुढचा माल पावसाळ्यानंतर.

मला वाटतं, यंदा घाई करू नये. दिवाळीत थंडी असते, ताप कमी असतो, तेव्हा सायकलही येईल आणि तुम्हीही या. तीन वर्षांचं पोर प्रवासाला बरं.

अन्नपूर्णा

*

एटापल्ली, ता. २४ मार्च १९५७

अन्नपूर्णाबाईंना नमस्कार.

दिवाळी नको. सायकलीसाठी पोराला अडवून ठेवायचं काही कारण नाही. दुकानाचा नाद सोडा, मी इथेच करून घेतो.

चैतू आठवतो? आमच्या डेपोतला गोंड सुतार. श्रावण उभा राहायला लागला तेव्हा त्याच्यासाठी पांगुळगाडा यानेच केला होता आणि मी ट्रकवाल्याच्या हाती तो चांद्याला पाठवला होता. चैतू शिवणीच्या लाकडाची तीन चाकी करतो म्हणतो. हलकी, गुळगुळीत, टोक कुठेही नाही, रंगही नाही. पुढच्या चाकाला लोहाराकडून पायडलं बसवून घेऊ. मागच्यासारखाच पायाचा दोरा पाठवा, कमरेपासून टाचेपर्यंत. चैतूला इंच-फूट कळत नाहीत. दोरा दिला की तो चूक करत नाही.

पांगुळगाड्याच्या वेळी तुम्ही चार दिवसांत दोरा धाडला होता. या वेळीही धाडाल.

गुणवंत

*

चांदा, ता. ३ एप्रिल १९५७

गुणवंतराव यांस,

दोरा सोबत आहे. आमच्या आईच्या रीतीप्रमाणे दुहेरी दोऱ्याने माप घेतलं. एक तुम्हाला, जोडीचा घरी देवाजवळ. लेकराचं माप एकटं घराबाहेर जाऊ देऊ नये, जोडीचा दोरा घरी असला की लेकरू घरचं राहतं, असं ती म्हणायची.

शाळेच्या परीक्षा चालू आहेत. जास्त लिहीत नाही.

अन्नपूर्णा

*

एटापल्ली, ता. १३ एप्रिल १९५७

अन्नपूर्णाबाई,

खरं काय आहे ते मला सांगा.

दोरा पोचला तसा चैतूला नेऊन दिला. मला आजवर माहीत नव्हतं, पण हा माणूस केलेल्या प्रत्येक कामाचा दोरा गाठ मारून घराच्या आड्याला टांगून ठेवतो. तेच त्याचं दप्तर. पांगुळगाड्याचा दोराही तिथे होता. त्याने सहज दोन्ही शेजारी धरले आणि माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, “मुन्शीबाबू, हा त जुनाच माप होय. पोरगा वाढून नाई राह्यला का?”

मी हसलो. मग मी स्वतः दोन्ही दोरे ओढून धरले. सूतभराचाही फरक नाही. दीड वर्ष झालं, आणि श्रावणचे पाय तेवढेच आहेत.

मी दिवसभर सागवानाची गोलाई मोजणारा माणूस, मापावर माझा विश्वास. तुम्ही शाळेत मुलींना मोजायला शिकवता, तुमच्या हातून चूक होणार नाही. म्हणजे चूक मापात नाही, पोराच्या पायात आहे. आता तुमची मागची पत्रं पुन्हा काढून वाचली आणि सगळं उमगलं. बैठक उंच, पायडलं दूर. सायकली वाईट नव्हत्या. त्याचे पाय पुरत नव्हते. मला सरळ सांगायला तुमची जीभ रेटली नाही, म्हणून तुम्ही एकेक सायकल नाकारत राहिलात आणि दिवाळीपर्यंत थांबा म्हणालात. एकटीने केवढं ओझं वाहिलंत.

चैतू म्हणतो मुडदूस असेल. तो चालतो का? की अजून पांगुळगाडाच धरतो? आईला सांगायचं नव्हतं, पण चैतूच्या बायकोकडून तिला कळलं. परवापासून तिने भात सोडला. “माह्या नातवाचे पाय चालतेत का नाई ते कळल्याबिगर मी भाताले हात नाई लावत,” म्हणते. नुसत्या आंबिलीवर आहे.

परत टपालाने लिहा. काही लपवू नका.

गुणवंत

*

चांदा, ता. २० एप्रिल १९५७

गुणवंतराव यांस,

असं अभद्र मनात आणू नका. पोरगं ठणठणीत आहे. चालतं, पळतं. मोजताना त्याने पाय आखडून धरला असेल, मुलं एका जागी उभी राहतात का? तुमच्या आईंना म्हणावं भात खा. म्हाताऱ्या माणसाने या उन्हात असं करू नये.

अन्नपूर्णा

*

एटापल्ली, ता. २७ एप्रिल १९५७

अन्नपूर्णाबाई,

आखडलेला पाय दीड वर्षापूर्वीच्या पायाएवढाच नेमका कसा भरेल? आणि तुमचं एवढं छोटं पत्र मी आजवर पाहिलेलं नाही. तुम्ही मला धीर देताय हे कळतं. पण धीराने पाय वाढत नाहीत.

रजा मंजूर झाली. परवा, एकोणतीसला, इथून निघतो. वाटेत आलापल्लीच्या डेपोत दोन-तीन दिवस कामाला थांबणं भाग आहे. तिथून चांद्याला आणि तसाच श्रावणला घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जातो. तुम्हीही चला. त्याला तुमच्याशिवाय करमणार नाही आणि डॉक्टर विचारतील ते मला सांगता येणार नाही. त्याचे चार कपडे बांधून ठेवा.

गाडी तयार आहे. चैतूने तुमच्या दोऱ्याबरहुकूम केली. लहान आहे, पण असेल तेवढ्या पायांना पुरेल. ती खांद्यावर घेऊनच येतो.

आई अजून आंबिलीवरच आहे. निघताना अंगारा बांधून देणार आहे.

गुणवंत

*

चांदा, ता. ३ मे १९५७

गुणवंतराव,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. तुम्ही वाटेत असाल, म्हणून हे टपालात टाकत नाही. दाराशी आलात की हातात देईन आणि तुमचं वाचून होईपर्यंत आत जाऊन बसेन. तोंडाने सांगायची माझ्यात हिंमत नाही.

तुमच्या मुलाच्या पायांना काहीही झालेलं नाही. खोट माझ्यात आहे.

मी नवं माप घेतलंच नाही. पांगुळगाड्याच्या वेळी दुहेरी दोऱ्याने मोजलं होतं, त्यातला जोडीचा दोरा देवाच्या डबीत होता. तोच तुम्हाला पाठवला. वाटलं, पुरुषमाणसाला लेकराच्या पायाचा काय अंदाज! गाडी लहान होईल, तुम्ही पुन्हा दोरा मागाल, मी पुन्हा उशीर करीन, तोवर मृग लागेल, डोंगा बंद होईल आणि दिवाळीपर्यंत श्रावण माझ्याकडे राहील. कुणी सुतार जुने दोरे आड्याला टांगून ठेवत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

लाल सायकलीच्या मुठी टोकदार नव्हत्या. निळीचा रंग वाळलेला होता. निळी तर त्याला पहिल्याच दिवशी बसली, पाय पुरून उरले. नूरुद्दीन हसून म्हणाला होता, “बाई, तीन चाकं अन् तुमी चौथा दोष काढून राह्यल्या. सायकल नाई पायजे का पोरगा नाई द्याचा, एक काय ते सांगा.” मी त्याच्यावर चिडले आणि घरी येऊन पुष्कळ रडले, कारण त्याने दुकानात बसून जे ओळखलं ते मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

तुमचं तेरा तारखेचं पत्र आलं तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. तुम्ही माझ्या लबाडीला माया समजलात. ‘एकटीने केवढं ओझं वाहिलंत’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तरी मी आखडलेल्या पायाची आणखी एक थाप मारली. तिकडे एक म्हातारी भात सोडून बसली आहे हे माहीत असताना मारली.

भाऊजी, मी विधवा बाई. शाळेतून आले की घरात दिवा लावायचा आणि भिंतीकडे पाहायचं, असं माझं सहा वर्षं चाललं होतं. मग हे पोर आलं. रात्री कुशीत शिरून माझा कान धरून झोपतं. ते गेलं की पुन्हा भिंत. एवढंच कारण. ताप, मच्छर, प्रवास हे सगळं वरचं वरचं.

कपडे बांधून ठेवले आहेत. नागपूरला जायची गरज नाही. तुम्ही त्याला घेऊन एटापल्लीलाच जा. मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

अन्नपूर्णा

*

चांदा, ता. ४ मे १९५७

गुणवंतराव,

तुम्ही आलात आणि दाराशी न येताच गेलात?

मी शाळेत असते तेव्हा श्रावण नूरुद्दीनच्या दुकानात असतो, त्याची घरवाली जैनब त्याच्यावर लक्ष ठेवते. आज शाळा सुटल्यावर त्याला आणायला गेले तर दुकानाच्या पायरीवर शिवणीची गाडी. इतकी गुळगुळीत, इतकी देखणी. पायडलाला तेल घातलेलं. मला पाहून नूरुद्दीन म्हणाला, “एक साहेब आल्ते. पायडल कुरकुरते म्हनून तेल मांगलं. मंग पोराले पाह्यत उभे राह्यले. लय वेळ. मास्तरीनबाईले देजा म्हनून हे ठेवून गेले. पानी बी नाई पेले.”

मी तशीच मोटर स्टँडवर धावले. आष्टीची बस गेली होती.

श्रावण त्या गाडीवर बसला. गुडघे हनुवटीला लागले. त्याला गंमत वाटली, तो हसत सुटला. नूरुद्दीन हसला नाही.

कालचं पत्र यासोबत पाठवते. जे तुमच्या हाती द्यायचं होतं ते आता टपालाने येतंय. तुम्ही काय पाहिलंत, काय समजलात, मला काही कळत नाही. पोलीस पाठवून पोराला नेणार असाल तरी माझी तक्रार नाही. पण काहीतरी लिहा. तुमच्या आईंना आधी सांगा की नातू पळतो. माझं नंतर.

अन्नपूर्णा

*

एटापल्ली, ता. १४ मे १९५७

अन्नपूर्णाबाई,

तुमची दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. त्याआधी मी तुम्हाला एक पत्र लिहून ठेवलं होतं, ते फाडून चुलीत टाकलं. त्यात काय होतं ते न विचारलेलं बरं.

त्या दिवसाचं सांगतो. बसमधून उतरलो तर गाडीचं पायडल कुरकुरत होतं. आजारी पोरापुढे कुरकुरणारी गाडी कशी न्यायची, म्हणून तेलासाठी दुकानात शिरलो. तिथे एक पोरगा निळ्या तीन चाकीवर फेऱ्या मारत होता. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घंटी वाजवत, वळणावर एक पाय खाली टेकवत. दणकट पोर. पोटऱ्या कशा भरलेल्या! मी हातातलं काम विसरून पाहत राहिलो. मनात म्हटलं, देवा, कोणा भाग्यवंताचा आहे हा. माझा श्रावण याच्या निम्म्यानेही चालला असता तर मी काही मागितलं नसतं. खरं सांगतो, त्या पोराचा मला हेवा वाटला. खांद्यावरची एवढीशी गाडी मी पाठीमागे लपवली.

मग दुकानदाराला विचारलं, “कोनाचा हो पोरगा?” तो म्हणाला, “मास्तरीनबाईचा. श्रावन नाव हाय. आमचा रोजचा गिऱ्हाईक.”

तेवढ्यात तो वळणावर कोलमडला आणि “आई” म्हणून ओरडला. समोरच्या शाळेतून तुम्ही आलात. हात खडूने पांढरे. त्याला उचललंत, गुडघा फुंकलात, त्याच्या गालाला खडू लागला. मी दोन हातांवर सायकलींच्या आड उभा होतो. तुम्ही पुन्हा वर्गात गेलात. मी गाडी ठेवली आणि निघालो.

त्या वेळी समोर आलो असतो तर भर रस्त्यात नको ते बोललो असतो. तीन आठवडे माझ्या आईच्या तोंडात भाताचं शीत नाही, आणि इथे पोरगा घंटी वाजवतोय! इतका राग मला रंभा गेली तेव्हा देवाचाही आला नव्हता. आष्टीपर्यंत तो राग पुरला. डोंग्यात बसलो तेव्हा ओसरला, आणि उरलं एवढंच, की मी माझ्या पोटच्या पोराकडे इतका वेळ पाहिलं आणि त्याला ओळखलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, “नातू पळून राह्यला. सायकल चालवते.” ती रडली, हसली, भाताचं आधण ठेवलं. मग वळून म्हणाली, “मंग आनला काऊन नाई?”

तुम्ही कबुली दिलीत, आता माझी ऐका. शेवटचा, गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत, मी आलो तेव्हा तो मला पाहून घाबरला आणि तुमच्या पदरात लपला. त्याचे डोळे अगदी रंभाचे. त्यानंतर मी आलोच नाही. लाकडाचा हंगाम, साहेबांचा दौरा, ही सगळी कारणं मी स्वतःलाच देत राहिलो. एक-दोन दिवसांची रजा कधीही मिळाली असती. रिकाम्या हाताने त्याच्यापुढे जायची मला भीती वाटत होती, म्हणून सायकल काढली. सायकल पुढे केली की तो तिच्याकडे पाहील, मग हळूच माझ्याकडे पाहील, असा हिशेब. तुम्ही सायकल लांबवलीत आणि मी सायकलीमागे लपलो. तेव्हा तुम्हाला बोल कुठल्या तोंडाने लावू?

मला तो हवा आहे. हे मी आता लपवत नाही. आईने त्याच्यासाठी गोधडी शिवली आहे, चैतू दारावरून जाताना रोज विचारतो. पण मी न्यायला येणार नाही. ज्याला तो आई म्हणतो तिच्या हातातून ओढून आणलं तर तो मला आयुष्यभर ओढून नेणारा माणूस म्हणूनच ओळखेल. तुम्ही ठरवा. राहू दे म्हणालात तर राहील, आणि डोंगा चालू असेल तोवर मी महिन्याला येऊन भेटत जाईन. रिकाम्या हाताने येईन.

गुणवंत

*

चांदा, ता. २२ मे १९५७

भाऊजी,

पत्र मिळून दोन दिवस झाले. पहिला दिवस आनंदात गेला. राहू दे म्हणालात, राहू दे! नूरुद्दीनला सांगितलं, जैनबला सांगितलं, श्रावणला गूळ-शेंगदाणे दिले.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, “तुझे बाबा कुठं हायेत?” त्याने दुकानाकडे बोट केलं. म्हणाला, “नूलबाबा.” हे तो माझ्याचकडून शिकला. मी दुसरा बाबा त्याला कधी सांगितलाच नव्हता. तुमचं नाव घरात घेतलं नाही, फोटो पेटीत तळाशी. तुम्ही त्याला ओळखलं नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटलं. तुम्हाला ओळखू नये याची तजवीज मी दीड वर्ष करत होते.

रंभाचा आणि तुमचा तो फोटो काल काढून भिंतीवर लावला. रोज दाखवते. आज सकाळी जेवताना त्याने आपण होऊन बोट केलं आणि “बाबा” म्हणाला.

एकोणतीस तारखेच्या बसने मी त्याला घेऊन निघते. निळी सायकल नूरुद्दीनने बसच्या टपावर बांधून द्यायचं कबूल केलं आहे. ती तुम्ही त्याच्या पुढ्यात ठेवा, मी मागे उभी राहीन. आठ दिवस तुमच्याकडे राहते, तुमच्या आईंच्या हाताखाली. त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे. त्याला कान धरून झोपायची सवय आहे, ती त्यांच्या कानाला लागली की मी निघेन. डोंगा बंद व्हायच्या आत मी एकटी परत येईन. शाळा सव्वीस जूनला उघडते.

कुनैनच्या गोळ्या आणते आहे. त्याला ताप आला तर लपवू नका, मी नदी पोहून येईन.

लाकडी गाडी मात्र तुम्हाला परत देत नाही. ती कुणालाच बसत नाही हे खरं. माझ्या दारात राहू द्या.

चैतूसाठी दोरा पाठवते आहे. आज सकाळी, श्रावणला भिंतीशी ताठ उभा करून, शाळेच्या पट्टीवर दोनदा ताडून घेतला आहे. त्याला म्हणावं, जुन्या दोऱ्याच्या शेजारी टांग आणि बघ केवढा वाढला. दुहेरी दोऱ्यानेच मोजलं. पाकिटात नीट पाहा, दोन आहेत. जोडीचा या वेळी मी घरी ठेवलेला नाही.

अन्नपूर्णा